बाबांच्या वाट्याचा मासा

बाबांना माझ्या हातचा एक मासा खायचा होता. बाजारातला नाही, हॉटेलातला नाही, मी स्वतः पाण्यातून काढलेला. सत्तरी ओलांडलेला माणूस ठाण्याहून कॅनबेराला आला, तीन महिने माझ्याकडे राहिला आणि त्यानं माझ्याकडे एवढीच एक गोष्ट मागितली. तीही मी दिली नाही. का, तर मला माझं शहाणपण मिरवायचं होतं. आता उन्हाळा आला आणि आमच्या गुंगालिनच्या रस्त्याकडेचं गवत पिवळं पडून त्यात नाकतोडे उडायला लागले, की मला नदीतले ट्राउट मासे आठवतात आणि ट्राउटच्या मागोमाग बाबा.

नाकतोडे आले म्हणजे आमच्या ह्या मासेमारीचा मोसम आला. वारा सुटला की काठावरच्या गवतातले नाकतोडे नदीत पडतात आणि ट्राउट त्यांच्यासाठी टपून बसलेले असतात. आपण काय करायचं, तर पिसं, दोरा आणि रबराचे पाय लावून केलेला खोटा नाकतोडा गळाला बांधायचा आणि लांब लवचीक काठीनं तो डोक्यावरून मागेपुढे झुलवत पाण्यावर असा अलगद सोडायचा, की माशाला वाटलं पाहिजे, पडला बिचारा. सांगायला सोपं आहे. मला पहिला मासा लागायला अख्खा एक उन्हाळा गेला. तोवर मी झाडं पकडली, स्वतःची टोपी पकडली, एकदा तर स्वतःचा कान पकडला. ऑफिसातल्या एका कलीगनं मला हे वेड लावलं. तो पुढे काँट्रॅक्ट संपल्यावर टूवूंबाला निघून गेला, वेड तेवढं माझ्याकडे ठेवून गेला.

आणि वेडाबरोबर सोवळंही आलं. गळाला उलटा काटा नको, माशाला कोरड्या हातानं शिवायचं नाही, पाण्याबाहेर फार वेळ धरायचा नाही, आणि मुख्य म्हणजे मासा घरी न्यायचा नाही, सोडून द्यायचा. घरातलं सोवळं मी जन्मात पाळलं नाही, नदीवरचं मात्र असं कडक पाळायचो की विचारू नका. सरकारी नियमानं ठरावीक मापाच्या वरचे एकदोन मासे खुशाल नेता येतात. पण मी सोडणाऱ्यांतला होतो, आणि मी सोडणाऱ्यांतला आहे हे मी प्रत्येकाला सांगत सुटायचो.

त्या डिसेंबरात आईबाबा आले. आई घरी नातीबरोबर रमली. बाबांना घरात करमेना, म्हणून दर शनिवारी सकाळी मी त्यांना नदीवर न्यायला लागलो. कॅनबेरा मागे टाकून डोंगर चढायचा, मग कच्च्या रस्त्यानं खाली दरीत उतरायचं. बाबा पहिल्यांदा गाडीतून उतरले आणि काठावरच्या झाडांकडे बघत उभेच राहिले. म्हणाले, ही तर सुरूची झाडं. खरंच, सुरूचीच भावंडं ती. बाबांचं गाव रायगडात खाडीकाठी. तिथे किनाऱ्याला सुरूच सुरू. एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून त्यांनी वर बघितलं, वाऱ्याचा तो सुस्कारा ऐकला आणि मग त्याच झाडाखाली फोल्डिंगची खुर्ची मांडली. तीन महिने ती जागा त्यांची.

माझ्या मासे सोडण्यावरून मात्र त्यांनी माझी भरपूर टर उडवली. पहिला सोडला तेव्हा त्यांना वाटलं निसटला. त्यांनी हळहळ व्यक्त केली. दुसरा सोडला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. नदीतला मासा कमी होतोय, उन्हाळ्यात पाणी तापतं, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे त्याला सकाळी सकाळी उगीच बोलावून घ्यायचं, फोटो काढायचा आणि घरी पाठवायचं. त्या दिवसापासून मला मासा लागला की ते विचारायचे, पाहुण्यांना चहा तरी दिलास का?

पण बाबांच्या खिशात एक डबी असायची. स्टीलची, झाकणाची, लाडवाएवढी. तिच्यात हळद, तिखट आणि मीठ कालवून ठेवलेलं, वर दोन कोकमं. दर शनिवारी निघताना पँटचा खिसा चाचपून बघायचे. आईनं एकदा विचारलं, दर वेळी कशाला नेता? म्हणाले, असावी जवळ. मी हसलो. वाटलं, म्हातारा माणूस आहे, माशावर जीव आहे, चालायचंच. त्यांना मासे आवडतात म्हणून मी दुकानातून बर्फातला बारामंडी आणून दिला होता. त्यांनी खाल्ला. नावं ठेवली नाहीत, पुन्हा आणायलाही सांगितलं नाही.

परत जायच्या आधीचा शेवटचा शनिवार. सकाळपासून वारा होता आणि नाकतोडे नुसते टपाटप पडत होते. बाबांच्या सुरूसमोरच्या डोहात, पलीकडच्या खडकाला लागून मी माझा नाकतोडा टाकला. पाणी नुसतं फुगलं, आवाजसुद्धा नाही. काठी वाकली. मी आजवर त्या नदीत धरला नव्हता एवढा मोठा ब्राउन ट्राउट, पिवळ्या पोटाचा, अंगावर तांबडे ठिपके. तो मला खडकाभोवती नाचवत होता, मी गुडघाभर पाण्यात धडपडत होतो, आणि बाबा खुर्चीवरून उठून अगदी पाण्याच्या कडेला आले होते. त्यांचे बूट भिजले होते.

तेवढ्यात मला दिसलं की वरच्या वळणावर एक म्हातारा ऑस्ट्रेलियन आपली काठी खाली धरून आमच्याकडे बघत उभा आहे. पांढरी दाढी, ठिगळं लावलेलं जाकीट. नदीवर नेहमी दिसायचा, मान हलवण्यापुरती ओळख. झालं. माझ्या अंगात आलं. एवढा मोठा मासा इंडियन माणूस कसा अदबीनं सोडतो, हे त्याला दाखवायला नको? मी हात ओले केले, गळ काढला, माशाला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं.

तेव्हा बाबा मागून म्हणाले, "हा एक राहू दे रे."

अगदी हळू म्हणाले. मी ऐकलं. आणि न ऐकल्यासारखं केलं. हात सैल सोडला. त्यानं एकदा शेपूट मारली आणि गेला.

मी उठून उभा राहिलो, हसतच. म्हातारा खडकांवरून उतरत खाली आला. मासा झकास होता म्हणाला. मग बाबांकडे बघून, मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाला की डॅडसाठी एक ठेवायचास, मेट. मी ख्रिसमसला माझ्या मिसेससाठी नेतो एक, नदीला त्यानं काही होत नाही. बाबांना इंग्रजी चांगलं समजतं. ते त्याला म्हणाले, नो नो, ही इज अ गुड बॉय. आणि खुर्चीत जाऊन बुटातलं पाणी काढायला लागले.

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. ज्याला दाखवायला मी सोडला, तोच सांगत होता की ठेवायचास. त्यानंतर तीन तास मी त्या डोहात नाकतोडे टाकत राहिलो. कुठला मासा, नि कुठलं काय. वाटेत बाबा इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होते. घरी आईनं अंड्याचं कालवण केलं होतं. बाबांनी दोनदा मागून घेतलं, ते मला बरं वाटावं म्हणून, हे न कळण्याएवढा मी लहान नव्हतो. बुधवारी ते गेले.

पुढच्या आठवड्यात गाडीच्या दाराच्या कप्प्यात डबी सापडली. मी आईला फोन करून सांगितलं, बाबांची मसाल्याची डबी इथेच राहिली.  मग तिनं सांगितलं ते मला कुणी आधी का सांगितलं नाही, ह्याचा मला आजही राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही. त्यांच्या खाडीकाठच्या घरात रीत होती. मुलानं स्वतः धरून घरी आणलेला पहिला मासा आधी बापानं खायचा, डोकं बापाचं. बापानं घास घेतल्याशिवाय मुलगा खात नाही. बाबांनी लहानपणी खाडीतला एक बोईट मासा आणून त्यांच्या वडलांना असा खाऊ घातला होता. मी वाढलो ठाण्याला, तिसऱ्या मजल्यावर. माझा पहिला मासा राहूनच गेला होता. ऑस्ट्रेलियात मी गळ टाकतो हे कळल्यापासून बाबा आईला म्हणत होते, इतके धरलेत म्हणतो, पण घरी एकही आणलेला नाही, म्हणजे पहिला अजून व्हायचाय. मी आईला विचारलं, मग ते बोलले का नाहीत? आई म्हणाली, अरे, मागून घेतलेल्याला काय अर्थ?

आणि तरी त्यांनी मागितला होता. पाच शब्दांत, एकदाच.

त्या पावसाळ्यात बाबांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. मी जाऊन राहिलो. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास आता विसरा म्हणून सांगितलं. मी रोज सकाळी बाजारातून काहीबाही आणायचो. एक दिवस पापलेट आणलं, मिठाशिवाय वाफवून दिलं. बाबांनी चवीनं खाल्लं आणि म्हणाले, छान आहे, विकतचं असलं तरी. मी मान खाली घालून काटे काढत बसलो. निघताना पाया पडलो तेव्हा खूप काही बोलायचं ठरवलं होतं. त्यांनीच पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, विमान चुकेल, नीघ.

इकडे पुन्हा उन्हाळा आला. आता मला मासा हवा होता, आणि हवा असला की तो मिळत नाही. डिसेंबर गेला. जानेवारीत पाणी इतकं तापलं की दुपारनंतर गळ टाकायलाच मन धजेना. लागले ते वीतभर, मापात न बसणारे. सोडले. शनिवारी संध्याकाळी फोनवर बाबा विचारायचे, काय, पाहुणे आले होते का? मी म्हणायचो, नाही आले. ते म्हणायचे, येतील. सुरूखालची ती जागा रिकामीच असायची. खुर्ची मी गाडीतून काढली नव्हती. खोटं कशाला सांगू, दोनदा तिथे मांडूनही ठेवली.

फेब्रुवारीत, त्याच डोहात, एक लागला. तो नव्हे, त्याहून पुष्कळ लहान, पण मापाच्या वर. मी आजवर एकही मासा मारला नव्हता. दगड उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. हातातला जीव आपल्याकडे बघत असतो, हे मासे सोडणाऱ्याला कधी कळत नाही. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. बर्फाच्या पेटीत घालून तडक घरी आलो.

दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे ठाण्याला सकाळ. व्हिडिओ लावला. आईनं फोन धरला. बाबा उशीला टेकून बसले होते, किती बारीक झाले होते. मी मासा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा पुसून बघितलं. मग एकदम कामाचं बोलायला लागले. कल्ले नीट काढ, रक्ताची शीर नखानं ओढ, डोकं तळू नकोस, ते कालवणाचं. मी त्यांच्याच डबीतला मसाला चोळला. वर्षाचा जुना होता, रंग उडाला होता. तुकड्या तव्यावर टाकल्या. बाबा शेवटपर्यंत बघत होते, हळू बोलत होते, आच कमी कर, उलट आता.

ताट घेऊन मी फोनसमोर बसलो. ते म्हणाले, खा.

मी म्हणालो, "तुम्ही आधी."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बाबांच्या पुढ्यात पेजेची वाटी होती. मऊ भात, मीठसुद्धा नाही. त्यांनी चमचा भरून घेतला, माझ्या ताटाकडे बघत तोंडात घातला आणि सावकाश, अगदी काटे चुकवत खावं तसा, चावून खाल्ला. मग म्हणाले, "चांगला आहे. आता तू."

मी खाल्ला. कसा होता ते विचारू नका. फोन ठेवताना ते म्हणाले, डोकं माझं हं, ठेव नीट. ठेवतो, म्हणालो. येणार कोण आणि खाणार कधी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

काल मुलगी आइसक्रीम शोधत फ्रीझर उपसत होती. पिशवी हातात धरून ओरडली, "बाबा, व्हाय इज देअर अ फिश हेड इन हिअर? कॅन आय थ्रो इट?"

मी म्हणालो, "ते आजोबांचं आहे. होतं तिथे ठेव."