सिकंदराची रिकामी खुर्ची

निकिताला तुम्ही ओळखत नसाल, आणि ओळखायचं काही कारणही नाही. राळेगावहून आत, फाट्यावर उतरून पायी जावं लागणाऱ्या गावातल्या पुंडलिकरावांची ती धाकटी सून. माहेर नेरचं. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, वर डी.एड. केलेलं, आणि तालुक्याच्या एका खाजगी शाळेत मुलांना इतिहास शिकवणारी. लॉकडाऊन लागला तशी शाळा बंद झाली आणि शाळेबरोबर पगारही. घरात अडकलेल्या माणसांनी त्या दिवसांत काय काय केलं! कोणी पापड लाटले, कोणी पत्ते कुटले. निकिताने सिकंदर काढला.

म्हणजे मोबाइलवर पॉडकास्ट सुरू केला. ग्रीसहून निघालेला सिकंदर, त्याने जिंकलेले मुलूख, आणि तो गेल्यावर त्याच्या सेनापतींनी त्या मुलखांचं काय केलं, हे सगळं आपल्या वऱ्हाडीत. वर्गात मुलं जांभया द्यायची ते पुस्तकी भाषेमुळे, असा तिचा जुना समज होता. इथे तिने सिकंदराला 'अरे'वर आणला. गावातली रिकामटेकडी पोरं ऐकायला लागली, मग त्यांच्या आया, मग पारावरची म्हातारी मंडळी. सेनापती सेल्यूकसाने चंद्रगुप्ताला मुलूख देऊन बदल्यात हत्ती घेतले, असं तिने एकदा ओघात सांगितलं, तर तो सौदा कोणाला फायद्याचा पडला यावर पारावर दोन दिवस वाद चालला.

पुण्याच्या कोणा श्रोत्याने विचारलं होतं, ताई, रेकॉर्डिंग कुठल्या स्टुडिओत करता? निकिता एकटीच हसली. त्या वर्षी बोंडअळीतून जो कापूस वाचला तो घरातच पडून होता. भाव पडलेले, त्यात बाजार बंद, आणि सरकारी खरेदीचा नंबर कधी लागेल ते कोणालाच ठाऊक नाही. पुंडलिकरावांच्या घरची मधली खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली होती. कापूस घरात आणि माणसं ओसरीत, अशी गत. पण त्या खोलीत दाराशी जेमतेम बसण्यापुरती जागा होती, आणि तिथे बसून दार लोटलं की बाहेरचं कुत्रंसुद्धा ऐकू येत नसे. आवाज असा स्वच्छ उतरायचा की निकिताला स्वतःचाच हेवा वाटावा. बाकी सुख काही नव्हतं. मे महिन्याचं ऊन, अंगाला कापसाची खाज, आणि एक ठिणगी पडली तर काय, ही धास्ती. सासूबाईंनी, म्हणजे विमलताईंनी, त्या खोलीतल्या दिव्याचं बटण उपसून तारांना चिकटपट्टी लावून ठेवली होती. निकिता दुपारी सगळे लवंडले की अंधारात जाऊन बसायची.

सिकंदर बाबिलोनला, आपल्या शेवटच्या मुक्कामी, पोचला आणि त्याच आठवड्यात पुंडलिकरावांना ताप भरला.

त्या दिवसांत ताप म्हटलं की माणसं एकमेकांकडे कशी बघायची, ते आठवतंय ना? शेजारचे अंगणातूनच विचारपूस करून जात. तपासणी झाली, ती साथ नव्हती, टायफॉइड निघाला. पण म्हातारा माणूस पार खंगला. त्यांना दोन मुलगे. थोरला प्रभाकर, धाकटा अमर. जमीन तीन तुकड्यांत. एक टेकाडावरचं मुरमाड, एक पावसाळ्यात बुडणारं नाल्याकाठचं, आणि एक विहिरीचं. खरं वावर ते विहिरीचंच. कोणी वाटणीचा विषय काढला की पुंडलिकराव म्हणायचे, मी मेल्यावर पाहा. वीस वर्षं त्यांनी एवढ्याच उत्तरावर भागवलं होतं.

ताप चढलेल्या एका दुपारी निकिता पाणी घेऊन गेली तर दोघे भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभे राहून हळू आवाजात विहिरीच्या वावराबद्दल बोलत होते. आवाज हळू होता, पण सूर हळू नव्हता. तिला पाहून गप्प झाले. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, पण पापण्या हलत होत्या. निकिताने पाणी उशाशी ठेवलं. ती तशीच कापसाच्या खोलीत गेली आणि सिकंदराच्या मरणाचा भाग बोलून मोकळी झाली. त्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "राजा उशाशी मरून राह्यला, अन् सेनापती पायथ्याशी वाटण्या करून राह्यले."

भाग गावभर गेला. संध्याकाळपर्यंत सिकंदर कोण आणि सेनापती कोण, हे पारावर ठरलंसुद्धा. गाव लहान असलं की कोणतीही गोष्ट दूरची राहत नाही. थोरली जाऊ बेबीताईने भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली. प्रभाकरने अमरला अंगणात गाठून विचारलं की तुझी बायको आम्हाला जगासमोर उघडं पाडते काय? अमर रात्री निकिताकडे पाठ करून झोपला. ती मात्र एकच विचार करत पडून राहिली. अजून तर खरी गोष्ट सुरूच झाली नव्हती. पुढे चाळीस वर्षांच्या लढाया होत्या. राजाच्या आईचा खून होता, बायकोचा होता, पोटच्या पोराचा होता. हे सगळं आता आपल्याच ओसरीवर ऐकलं जाणार, आणि कोणाला काय लागेल ते सांगता येत नाही.

सकाळी पुंडलिकरावांनी तिला खाटेजवळ बोलावलं. म्हणाले, त्या सिकंदराच्या मागं काय झालं, ते लवकर सांग. कान माझे शाबूत आहेत.

निकिता घाबरली. आणि घाबरलेलं माणूस खोटं बोलत नाही, ते अर्धं खरं बोलतं, ते जास्त वाईट. एका सेनापतीने सिकंदराची रिकामी खुर्ची तंबूत मांडली होती, तिच्यासमोर बसून सगळे मसलत करायचे, राजा जणू तिथेच बसला आहे असं मानून. हे खरंच घडलेलं. निकिताने पुढच्या भागात तेवढं रंगवून सांगितलं आणि तिथेच थांबली. खुर्चीचा मान सगळ्यांनी राखला, असं शेवटी एक गोड वाक्य जोडून दिलं. ती खुर्ची दोन-चार वर्षांत कोणी विचारेनासं झालं आणि जो ती मांडायचा त्याचाच बळी गेला, हे तिने गिळलं.

तो भाग सगळ्यांना आवडला. बेबीताईने भांडी हळू घासली. प्रभाकरने अमरला तंबाखू दिली. पुंडलिकरावांना तर इतका आवडला की ताप उतरल्यावर त्यांनी दोघा मुलांना बोलावून सांगितलं, "पाह्यलं? वाटणी कायले पायजे? मी गेल्यावर माही खाट इथंच ठेवजा. हिच्याम्होरं बसून इचार करत जा." मुलांनी मान डोलावली. पण त्यांची नजर एकमेकांकडे गेली ती निकिताने पाहिली. वीस वर्षं टाळलेली गोष्ट म्हाताऱ्याने आता कायमची टाळली होती, आणि ती आपल्या शब्दावर विसंबून.

आणि ताप उलटला. या खेपेला आधीपेक्षा जोरात. गाडी मिळेना, मिळाली तर परवानगी मिळेना, शेवटी डॉक्टरांनी फोनवरून औषधं सांगितली आणि अमर ती तालुक्याहून घेऊन आला. निकिता खाटेजवळ बसून पट्ट्या बदलायची आणि श्वासावर कान ठेवायची. श्वास अडकला की तिचाही अडकायचा. हा माणूस आता गेला तर तो माझी गोष्ट खरी मानून जाईल, आणि मागं राहणारे त्याच खाटेसमोर एकमेकांच्या नरडीला लागतील. या एका विचाराने तिला जेवण जाईना. मध्येच वाटायचं, ऐतिहासिक गोष्ट ती, तिचं एवढं काय घेऊन बसायचं. पण मन ऐकत नव्हतं. अमरला सांगावं म्हटलं तर तो म्हणाला, जे झालं ते बरं झालं, आता उकरू नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप थोडा उतरला. विमलताई खाटेशी बसून भाताची पेज भरवत होत्या. निकिताने विचार केला, आता नाही तर कधीच नाही. ती खाली बसली आणि म्हणाली, "मामाजी, मी तुमाले अर्धीच गोष्ट सांगितली."

आणि उरलेली सांगितली. खुर्चीचं काय झालं ते सांगितलं. राजा मरताना विचारलं होतं, राज्य कोणाला, तर म्हणे तो म्हणाला, जो सगळ्यांत भारी असेल त्याला. त्या एका उत्तराने प्रत्येकजण स्वतःला भारी समजायला लागला. पुंडलिकराव डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी हात वर केला.

"अन् त्याच्या मायचं काय झालं?"

निकिता म्हणाली, त्या आईनेही सूड उगवले होते, धुतल्या तांदळासारखी ती नव्हती. पण पोरगा गेल्यावर तिला आधार कोणाचाच राहिला नाही. राज्यावर टपलेल्यांपैकी एकाने तिला पकडलं. तिने ज्यांची माणसं मारली होती, त्यांच्याच हातून तिला मारवलं, आणि प्रेताला माती द्यायलाही नकार दिला म्हणतात.

विमलताईंच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. पुंडलिकरावांनी डोळे उघडून बायकोकडे बराच वेळ पाहिलं, लग्नाला पन्नास वर्षं होत आलेला माणूस जितका पाहत नाही तितका वेळ.

दोन दिवसांनी, उठून बसता यायला लागलं तशी, त्यांनी दोघे मुलगे, दोघी सुना आणि पोलीस पाटलाला ओसरीत बोलावलं. पाटील अंगणातच तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले. तहसील उघडलं की कागद होतील, पण शब्द आज देतो, असं म्हणून पुंडलिकरावांनी टेकाडाचं वावर प्रभाकरला दिलं, नाल्याकाठचं अमरला. मग दम घेतला. दोघे भाऊ विहिरीच्या वावराची वाट पाहत होते.

"विहिरीचं वावर विमलच्या नावानं. ती जिती हाय तोवर पाणी तिले इचारून घ्याचं."

विमलताईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की काय, ते कळलं नाही.

अमर घरात येऊन बोलला. नाल्याकाठचं वावर दर तीन वर्षांत एकदा बुडायचं, हे निकितालाही ठाऊक होतं. तो ओरडला नाही, ते ओरडण्याहून जड होतं. "तुया सिकंदरानं आपलं वावर खाल्लं," एवढं म्हणून तो बाहेर निघून गेला. खरं सांगून आपण स्वतःच्याच नवऱ्याचं नुकसान केलं, हे तिला टोचत राहिलं. आणि घर वाचलं की मोडलं, हेही कळायला मार्ग नव्हता. बेबीताईने चूल वेगळी मांडायची भाषा सुरू केली होती.

जूनच्या तोंडावर खरेदीचा मेसेज आला आणि एका दिवसात कापूस ट्रॅक्टरमध्ये भरून गेला. मधली खोली रिकामी झाली. तिथे बसून निकिताने मोबाइल सुरू केला, तर आवाज चारी भिंतींवर आदळून परत आला. दोन वाक्यं बोलून तिने बंद केलं. स्टुडिओ कापसाबरोबर गेला, असं मनात म्हणून ती उठणार, तेवढ्यात विमलताई दारात आल्या. खांद्यावर तीन गोधड्या होत्या. काही न विचारता त्यांनी दोन भिंतींच्या खिळ्यांना अडकवल्या, एक दाराला लावली, आणि खाली बसल्या. या खोलीत त्या निकितासमोर पहिल्यांदाच बसत होत्या.

"त्या मायची गोष्ट सांग. पहिल्यापासून. लग्न करून आली तेव्हापासून."

निकिताने मोबाइल सुरू केला. ती सिकंदराच्या आईचं माहेर सांगत होती तोच अंगणातून आवाज आले. प्रभाकर आणि अमर. विहिरीवरची मोटार आज कोणी लावायची यावरून सुरू झालेलं बोलणं बघता बघता चढलं. प्रभाकर म्हणत होता, भाजी माझी वाळून चालली. अमर म्हणत होता, बुडणारं वावर माझ्या गळ्यात घातलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आता पाणी आधी माझं. मग कोणीतरी काहीतरी आपटलं. ओसरीवर खाटेत पुंडलिकराव होते, जागे होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते फक्त खोकले.

विमलताई उठल्या. गुडघे धरून, सावकाश. दाराची गोधडी बाजूला सारून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. उभ्या आयुष्यात त्या घरात वरच्या आवाजात बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत.

"विहीर माह्या नावानं हाय. आज मोटार कोणीच लावणार नाई. उद्या प्रभाकर, परवा अमर. अन् चुलीचं मी सांगन तवा."

थोड्या वेळाने कोणीतरी बादली उचलून जागेवर ठेवल्याचा आवाज आला. विमलताईंनी गोधडी पुन्हा नीट लावली, येऊन आपल्या जागी बसल्या आणि सुनेकडे पाहिलं. मोबाइल सुरूच होता. भावांचं भांडण, सासऱ्याचा खोकला, सासूचे शब्द, सगळं त्यात उतरलं होतं. निकिताचा अंगठा बंद करायच्या खुणेवर गेला आणि थांबला.

तिने त्यातलं काही कापलं नाही. घसा साफ केला आणि जिथे थांबली होती तिथून, सिकंदराच्या आईची गोष्ट पुढे सांगायला लागली.