मुस्कं बांधलेली शेळी

पाथरीजवळच्या कालव्यावरून रोज दवाखान्यात जाताना शेळ्या चारणारी एक मावशी दिसायची. मी जनावरांचा डॉक्टर. शेळ्यांना बेशरमाचा विषारी पाला खाऊ देऊ नका, हे तिला सांगून सांगून मी कंटाळलो होतो, आणि ऐकून ऐकून ती. काठानं सगळी बेशरमाची झाडं, त्यांना फिकट जांभळी फुलं. तिच्या एका शेळीला त्या पाल्याचा नाद लागलेला. मान थरथरायची, पाय लटपटायचे, तरी तोंड तिकडंच. मावशीनं कांद्याच्या जाळीदार पोत्याचं मुस्कं शिवून तिच्या तोंडाला बांधलं होतं. पाणी पाजायला सोडलं, की शेळी आधी बेशरमावर.

परवा पाणी पाजायला शेळीचं मुस्कं सोडून मावशी काठावर बसून मिश्री लावत होती. डोळे मिटलेले, बोट दातांवरून सावकाश फिरतंय.

"डाक्टर, ह्या झाडात एवढं इख येतं कुठून ओ?"

"ते झाडाचं नसतं, मावशी. झाडाच्या आत एक बुरशी राहते, ती तयार करते."

"अन् ती आत शिरती कशी?"

"शिरत नाही. बियातच असते. आईकडून लेकराकडं जाते."

तिचं बोट थांबलं.

"मला मिश्रीची सवय मायनंच लावली," ती म्हणाली. "ऊसतोडीला असताना. फडात भूक लागू न्हाई म्हनून."

तिनं शेळीला जवळ ओढून मुस्कं पुन्हा बांधलं, डबी उघडली, बोट बुडवलं.

"हिचं बरं हाय," ती म्हणाली. "हिला मुस्कं बांधायला मी तरी हाय."