उणं सांगणारे भाऊजी

"मस्त आहे, वहिनी. आता उणं सांगू?"

माझ्या हातची पाटवडी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा शेजारचे भाऊजी असं म्हणाले. मी 'नको' म्हणायच्या आत सांगूनही टाकलं. रस्सा पातळ, वडी एका बाजूनं कच्ची, मीठ बरोबर. वर, "पण खायले हरकत नाही," असा दाखला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या खेपेला वडी दुप्पट वाफवली, हेही खरंच.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. नावं ठेवणं हा त्यांचा छंद असतो. भाऊजींचं तसं नव्हतं, त्यांचा तो धंदाच होता. एअरफोर्समध्ये ते टेस्ट पायलट होते. नवं किंवा दुरुस्त झालेलं विमान आधी आपण उडवायचं आणि खाली उतरून त्यातलं सगळं उणं सांगायचं, म्हणजे पुढचा माणूस जिवानिशी जाणार नाही. मूळ उमरेडकडच्या शेतकरी घरातले. नोकरी दूर, पण आई नागपुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. त्यामुळे सुटीत भाऊजी अर्धे आमचेच.

त्यांच्या आईला आम्ही मावशी म्हणत असू. मुलाच्या लग्नाची गोष्ट मावशी कपाळाला हात लावून सांगायच्या. मुलगी पाहायला गेले. तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काही विचाराचं आहे का?"

"विचाराचं नाही, सांगाचं आहे," भाऊजी म्हणाले. "मी घोरतो. राग लवकर येते. अन् आमच्या कामात माणूस कधीकधी वापस येत नाही."

मावशींना वाटलं, झालं, उठा आता. तेवढ्यात आतून मुलगीच म्हणाली, "बाबा, मले चालते."

ऐंशीनंतरची गोष्ट. आपला माणूस अवकाशात पाठवायचं ठरलं आणि निवडीसाठी बोलावलेल्या पायलटांत भाऊजींचं नाव आलं. मावशींनी ते सदरपासून सीताबर्डीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. भाजीवालीलासुद्धा. तिकडे भाऊजींना खुर्चीत बसवून गरगर फिरवलं, बंद खोलीत एकटं ठेवलं, रक्त काढलं, दात मोजले. सगळ्यात पास. आता फक्त नाव जाहीर व्हायचं राहिलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी सहज विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का? असं विचारलं की शहाणा माणूस 'नाही' म्हणतो आणि उठतो. भाऊजींनी सांगितलं. एकदा उंचावर, काही कारण नसताना, डाव्या डोळ्यासमोर क्षणभर अंधारी आली होती. पुन्हा कधीच नाही. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं. काही सापडलं नाही. नाव मात्र गळलं.

ते घरी आले त्या दिवशी मावशींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"काहून सांगतलं गा बाबू? कोणाले मालूम पडलं असतं?"

"आई, वर आणखी दोघं जण असतेत. तवा अंधारी आली तं?"

"नसती आली!"

"नसती आली. पण मले मालूम होतं ना."

मावशींनी पुढे कितीतरी दिवस त्यांना नुसतं वाढलं, बोलल्या नाहीत. मोहल्ल्यातही हळहळ झाली. मलासुद्धा त्यांचा रागच आला होता. एवढा हरिश्चंद्र कशाला व्हायचं?

पुढे भाऊजींची बदली नागपूरच्या ऑफिसात झाली. घरचा कूलर दुरुस्त करावा, हिवाळ्यात अंगणात बसून संत्री सोलावीत, बायकोच्या हातच्या चहातलं उणं सांगून बोलणी खावीत, असं छान चाललं होतं त्यांचं. एकदा न राहवून मी विचारलं, "वाईट नाही वाटत, भाऊजी?"

"वाटते ना, वहिनी. रोज वाटते. पण झोप चांगली लागते."

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. डोळ्यासमोर येतात ते मात्र त्या एका संध्याकाळचे.

त्यांच्याबरोबर निवडीला असलेला त्यांचा मित्र त्या दिवशी अवकाशात जायचा होता. टीव्ही आमच्याकडे, म्हणून सगळा मोहल्ला आमच्या खोलीत. "मी नाही येत," म्हणणाऱ्या मावशी शेवटी आल्याच आणि दाराशी उभ्या राहिल्या. पडद्यावर आग, धूर. भाऊजी हलके हलके सांगत होते, आता त्याच्या छातीवर वजन येत असेल, आता हलकं वाटत असेल.

मावशींनी मधेच विचारलं, "त्याची माय हाये का?"

"आहे ना."

"काय करून राहिली असन ते आता?"

"देवापाशी बसली असेल, आई."

सगळे सुखरूप वर पोचल्याचं टीव्हीवर सांगितलं, टाळ्या झाल्या, तोवर मावशी निघून गेल्या होत्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तुपात रवा भाजल्याचा वास आला.

मग मावशी घरोघर निघाल्या. पुढे त्या, मागे शिऱ्याची परात घेऊन भाऊजी. माझ्या हातावर शिरा ठेवला तेव्हा मी विचारलं, "कशाचा हो, मावशी?"

"पोरगं वर गेलं ना."

"कोणाचं?"

"आता आपलंच म्हणावं लागन, वं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या.

भाऊजी क्षणभर तिथेच थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि परातीमुळे पुसायला हात मोकळा नव्हता.