वाचून केलेली सही

माझ्या सासूबाई पाच वर्षं गावच्या सरपंच होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, कागदावर अंगठा उठवायच्या. मी एम.ए. आहे. त्यांच्यानंतर सरपंचपद पुन्हा बाईसाठी राखीव निघालं तेव्हा घरच्यांनी मला उभं केलं आणि गावानं निवडून दिलं. "आता शिकलेली सरपंच मिळाली," असं लोक येरमाळ्याच्या बाजारातसुद्धा सांगत.

सासूबाईंपुढं ठराव आला की त्या ग्रामसेवकाला म्हणायच्या, "सायेब, मोठ्यानं वाचा. आता पुन्हा एकदा वाचा." मग बसलेल्या माणसांकडं वळून, "तुमाला कळलं का? मला न्हाय कळलं." ग्रामसेवक वैतागायचा. सभेत अख्खी दुपार जायची.

माझ्या वेळी तसं काही करावं लागलं नाही. मला वाचता येत होतं, म्हणून कागद घरीच यायचे.

दुसऱ्या वर्षी माळावरच्या वस्तीसाठी पाण्याची लाईन मंजूर झाली. तिथं मेंढरं राखणाऱ्यांची पंधरा-वीस घरं आहेत. उन्हाळ्यात टँकर आला तरच पाणी. एका सकाळी नवऱ्यानं माझ्यापुढं कागद ठेवला.

"सही कर."

मी वाचला. लाईन वस्तीऐवजी हायवेकडच्या गाळ्यांना न्यायची, असं लिहिलं होतं. त्यातले दोन गाळे आमचे.

"वस्तीचं काय?"

"त्यांचं बघू पुढच्या टप्प्यात. मेंबरांच्या सह्या झाल्यात. तुझीच राहिली."

"आणि सभा?"

"सभा झाली असं लिहिलंय की वर."

तसं लिहिलेलं होतंच. माझे हात कणकेचे होते. धुतले, पदराला पुसले आणि सही केली. राग आला नाही, भीतीही वाटली नाही. चपात्या राहिल्या होत्या, त्या लाटायला घेतल्या.

सासूबाई दारात शेंगा फोडत होत्या. "काय लिवलंय त्यात?"

"पाण्याचंय, आत्या."

"वाचून दाखीव."

"मी वाचलंय."

त्यांनी सूप पुढं ओढलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याच कागदाचं विचारलं नाही.

गाळ्यांना पाणी आलं. वस्तीवरच्या बाया भांडायला येतील असं मला वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. कुणी आलं नाही.

पुढं एकदा गिरणीत तिथली एक म्हातारी भेटली. मीच विषय काढला. "मावशी, तुमचं पाण्याचं राहिलंच बघा."

"व्हय," ती म्हणाली. "पर तुमी लई शिकलेल्या. वाचूनच केलं आसंल की तुमी. कागदात काय तर आडचण आसंल."

मी हो म्हणाले. तिचा पिठाचा डबा तिच्या डोक्यावर चढवून दिला. माझं दळण व्हायला अजून वेळ होता. मी तिथंच बाकड्यावर बसून राहिले.