चाँदपाशांचे तीन सवाल

कळंबहून येरमाळ्याकडे जाताना वाटेत आमचं गाव लागतं. निजामाच्या अमलात तिथल्या दर्ग्याची मुजावरी चाँदपाशांकडे होती. मुजावरी म्हणजे झाडलोट करायची, ऊद घालायचा आणि वेड्यांना सांभाळायचं. तालुक्याच्या दवाखान्यात तापावर औषध मिळायचं, पण डोकं फिरलेल्या माणसाला घरचे सरळ दर्ग्यात आणून लिंबाखाली साखळीनं बांधत. मग तो हिंदू असो की मुसलमान. चाळीस दिवस भरले की येणाऱ्या जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, चाँदपाशा त्याला सगळ्यांसमोर तीन सवाल करत. कुणी दिसतं का, आवाज येतो का, कुणाशी बोलतोस का. तिन्हीला ‘न्हाय’ आलं की साखळी सुटायची. एकदा जरी ‘व्हय’ आलं तर आणखी चाळीस दिवस. ही पद्धत कोणत्या शहाण्यानं काढली, कुणास ठाऊक.

१९४५ साली महांतप्पा या लिंगायत वाण्यानं आपल्या बायकोला, महानंदाला, तिथं आणून बांधलं. तिचा सहा वर्षांचा ईरण्णा पटकीनं गेला होता. ती त्याच्याशी बोलायची, त्याच्यासाठी भाकरी वाढून ठेवायची. कुणाच्या अंगावर धावून गेली नाही, घरातलं एक काम चुकवलं नाही. पण दुकानातलं गिऱ्हाईक बिचकू लागलं, आणि तेवढ्यावर बाई वेडी ठरली.

दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळा तिनं खरं ते सांगितलं, “व्हय, येतो. आत्ता हितंच होता.”

दुपारी दर्गा ओस पडायचा. लिंबाखाली महानंदा लेकाशी बोलत बसे आणि पलीकडे चाँदपाशा झाडता झाडता जमिलाबीशी बोलत. जमिलाबी ही त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि पोटी मूलबाळ नव्हतं. त्यांचं हे बोलणं सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. साखळी ज्याच्या हातात, त्याला वेडा कोण म्हणणार? मला त्या गावाचा अजून राग येतो, आणि त्या गावात मीही होतो.

तिसऱ्या खेपेआधी महांतप्पानं सांगून टाकलं, की आता ‘व्हय’ म्हणाली तर तो दुसरं लग्न करील आणि धाकटी दीड वर्षांची पोर तिच्या दृष्टीस पडणार नाही. चाँदपाशांचा जीव गलबलला. सवालांच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला परोपरीनं समजावलं, की पोरीसाठी एकदा खोटं बोल, तेवढ्यानं ईरण्णा काही जात नाही. तिनं त्यांच्याकडे बघितलं.

“चाचा, तुमी चाचीला चारचौघांत न्हाय म्हनाल का?”

त्यांनी खराटा उचलला आणि ते झाडायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती तीनदा ‘न्हाय’ म्हणाली. महांतप्पानं गूळ वाटला. बाई बरी झाली म्हणून लोकांनी चाँदपाशांचे पाय धरले.

पुढं चाँदपाशांनी कुणालाच बांधून घेतलं नाही. लोक आपली माणसं दुसरीकडं नेऊ लागले आणि दर्ग्यात कुणी फिरकेनासं झालं. मी कारण विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की सुटल्यावर महिन्याभरानं महानंदा पोरीला कडेवर घेऊन आली होती. नवरा बाहेर थांबला होता, म्हणून त्यांनी हळूच ईरण्णाची खुशाली विचारली.

“येत न्हाय, चाचा,” ती म्हणाली. “समद्यांम्होरं त्याला न्हाय म्हनले म्या. आता कशाला येतंय लेकरू?”