फुली मारलेला फोन

मी लोणावळ्यात ज्या कंपनीत कामाला आहे, तिची पवनेच्या बाजूला तीन रिसॉर्ट आहेत. माझं काम नकाशा काढायचं: कंपनीत कुठली सिस्टिम कशासाठी आहे, कोण वापरतं, आणि मालकांनी ठरवलेल्या पुढच्या धोरणात ती बसते का. न बसणारी काढून टाकायची. चौकोन-बाण काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी तेव्हा मिरवायचे.

धोरण ठरलं की सगळ्या रिसॉर्टचे फोन एकाच कॉल सेंटरला जातील. काउंटरवरचे जुने लँडलाइन माझ्या नकाशात कुठल्याच बाणाला जोडलेले नव्हते. कुणालाही न विचारता मी त्यांच्यावर फुली मारली.

पावसाळा संपल्यावर अहवाल आला. ओढ्याकाठी तंबू असलेल्या रिसॉर्टची चौकशी वाढली होती, बुकिंग मात्र वाढलं नव्हतं. साहेब खूश. लोक फोन करतायत म्हणजे तंबू कमी पडतायत! ओढ्याला लागून आणखी बारा तंबू मंजूर झाले. मी कॉलची यादी उघडली, तर वाढलेले सगळे कॉल एकाच नंबरचे, आणि सगळे मुसळधार पावसाच्या दिवसांतले.

नंबर रिसॉर्टच्या वरच्या वाडीतल्या एका आबांचा निघाला. मी कामशेतवरून गाडी काढून त्यांच्याकडे गेले.

"ओढ्यातला वरचा खडक बुडाला, की अर्ध्या घंट्यात पानी तंबूत येतं," आबा म्हणाले. "मी फोन लावायचो, काउंटरवरची मावशी लोकास्नी वर काढायची. लय वर्सं आसंच चाललंवतं. औंदा एक बाई बोलती, बुकिंगसाठी एक दाबा. मी म्हनतोय पानी आलं, तर ती आयकतच न्हाई."

"मग खाली कळलं कसं?"

"मीच पळत गेलतो की. पर आता गुडघं साथ देत न्हाईत, ताई."

मला स्वतःचीच चीड आली. ऑफिसात मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे, दुसऱ्या टप्प्यात घेऊ. तोवर सोय म्हणून मी आबांना माझा मोबाइल नंबर दिला, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर निर्धास्त झाले.

पुढचा पावसाळा आला. परवा रविवारी दुपारी जेवताना फोन वाजला. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता, नवे बाराही तंबू भरलेले होते.

"ताई, खडक बुडाला."

मी हात न धुताच रिसॉर्टच्या मॅनेजरचा मोबाइल लावला. लागेना. ओढ्याच्या त्या खळग्यात रेंज कधीच नसते, म्हणून तर तिथं लँडलाइन होता. मग मावशींचा लावला. तोही लागेना. आता एकच नंबर उरला होता, मी नकाशात ठेवलेला.

"नमस्कार. बुकिंगसाठी एक दाबा."

मी एक दाबला.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया रांगेत थांबा."