शेंदरी थर

कामावर पोचल्याबरोबर पुढं चहा आला की मी समजायचो, इथं कुठंतरी रंग कमी पडलाय. सत्तरच्या दशकात माझी नोकरीच संशयाची होती. ठेकेदार लोखंडी पुलांना आणि टाक्यांना ठरल्याइतका रंग देतो की नाही, हे मी तपासायचो. राहायला दौंडला, फिरायला पार शिरूरपर्यंत. पिशवीत मुठीएवढं यंत्र. रंगावर पेनानं काळी रेघ मारायची, पात्यानं तिच्यावरून आडवा चर पाडायचा, थेट लोखंडापर्यंत, आणि भिंगातून चराच्या उतारावरचे थर मोजायचे. वर करडा, खाली शेंदरी प्रायमर, मग चकाकतं लोखंड. रंगाऱ्यांचा या यंत्रावर दात असायचा. मी ओरखडा काढून निघून जायचो, बुजवायचा त्यांनी.

शिरूरकडच्या एका गावात पाण्याच्या नव्या टाकीवर गेलो. रंगारी गावातलाच, बौद्धवाड्यातला. उगवतीच्या बाजूला माप बरोबर आलं. मावळतीला कापलं तर शेंदरी थर निम्मासुद्धा नाही. शिडी उतरलो तर खाली पंचायतीतले वजनदार आबा उभेच. प्रायमरचे डबे त्यांच्या कोठीत असायचे, किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला.

"म्या सांगतो साहेब. ह्यानं माल शिरूरच्या बाजारात इकला."

रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला. "मावळतीची बाजू घेतली तवापासनं मला डबा फोडलेलाच मिळायचा. वरनं तेल ओतून पातळ केलेला. ठेकेदाराला सांगितलं तवा त्यो म्हनला, मुकाट रंग मार."

ठेकेदाराचा निरोप आधीच आला होता. मी थर कमी आहे असं लिहिलं की रंगाऱ्याला कामावरून काढायचं आणि चौकीत नाव द्यायचं. मला दोघांचंही खरं वाटेना. आबा तर जेवायला घरी चला म्हणून हातच सोडीनात, तेव्हा जास्तच शंका आली. मी माझी भाकरी घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसलो. रंगारीच चोर, हे आबांनी तिथं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आत मारुती नुसता झळकत होता. पूजा करणारा गुरव कौतुकानं म्हणाला, "हात लावून बघा साहेब. औंदाचा शेंदूर कापडाला लागत न्हाई. आबांनी डबा दिला."

हात लावला. खडखडीत वाळलेला. देवाचा शेंदूर आणि आमचा प्रायमर, भुकटी एकच. देवाचा साध्या तेलात कालवतात, तो महिनोन्‌महिने चिकट राहतो. हा मात्र वाळला होता, आणि वासही आमच्या गोदामाचाच, जवसाच्या तेलाचा. यंत्र पिशवीतच होतं. देवाला कापायची माझी छाती झाली नाही, आणि तशी गरजही नव्हती.

आबांना गाठून विचारलं. ते जराही दचकले नाहीत.

"देवाला दिला की. सरकारी माल, म्हंजी गावाचाच. ह्यात चोरी कसली?"

"मग त्याचं नाव का घेतलंत?"

आबा खाली बघत म्हणाले, "थर कमी भरला तर कुनाचं तरी नाव येनारच व्हतं."

देवाला रंग दिला याचा मला राग आला नाही. पण रंग कुठं गेला हे ठाऊक असून त्यांनी गरिबाला चोर ठरवलं. माझं डोकं भडकलं, आणि जे वाटलं ते मी त्यांना तोंडावर बोललो. मग अहवालात सगळं आहे तसं लिहिलं.

ठेकेदाराला नवा प्रायमर आणावा लागला. रंगाऱ्यानं मावळतीची बाजू खरवडून पुन्हा रंगवली. मी परत तपासायला गेलो, तर एरवी ओरखड्यावरून कुरकुरणारा हा माणूस शिडी लावून तयार.

"कापा साहेब. चारी अंगांनी कापा. आन् भिंगातनं आबांनाच बघू द्या."

माझ्या अहवालामुळं आबांना नाही म्हणता आलं नाही. धोतर खोचून ते शिडी चढले. भिंगाला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले.

"हाय," ते म्हणाले. "भरपूर हाय."

"मग हे आता मारुतीच्या पारावर सांगा, आबा," रंगारी म्हणाला. "मला चोर तितंच ठरवलं व्हतं. आन् म्या काय तितं येत न्हाई."